कुठले बारा?

आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ चार तास मागे होतं. कुणी तक्रार केली की बाबा म्हणायचे, "घड्याळ बरोबर आहे. गाव पुढे आहे."

बाबा वेधशाळेत फुगे सोडायचे. गल्लीत त्यांना फुगेवालेच म्हणतात, आणि अजूनही कुणाच्या पोराचा वाढदिवस असला की एखादा नवा भाडेकरू दारात येऊन दर विचारतो. बाबांचा फुगा खोलीएवढा असायचा. त्याला खाली उपकरणाची डबी टांगलेली, ती वर जाऊन वारा, तापमान असं काय काय कळवायची. जगभरच्या वेधशाळा हे फुगे ठरलेल्या एकाच क्षणी सोडतात, त्यामुळे तिथे सगळ्यांनी मिळून एकच वेळ पाळायची असते, जागतिक वेळ. कुणाच्या खिडकीत ऊन असो की अंधार, आकडा एकच. गावची वेळ हवी असेल तर आपापल्या गावाचे तास त्यात मिळवायचे नाहीतर वजा करायचे. आमचं गाव चार तास पुढे. गणित एवढंच. कुणीही शहाणा माणूस ते कामावरच ठेवून घरी येईल. बाबा ते घरी घेऊन आले आणि निवृत्त झाल्यावरही परत करायला गेले नाहीत.

आमच्याकडे दुपारचं जेवण आठ वाजता व्हायचं. पाहुणे भर सकाळी येऊन बसायचे, नाहीतर येणंच सोडून द्यायचे. आईने नवी नवरी म्हणून काही दिवस काढले आणि मग पिठाच्या डब्यामागे गजराचं एक घड्याळ आणून ठेवलं, गावच्या वेळेवर लावून. आमची शाळा, दूधवाला, डॉक्टर, सगळं त्याच्यावर चाललं. त्याला चावी द्यायचं आई कायम विसरायची, तरी ते कधी बंद पडलं नाही. "चांगल्या जातीचं आहे," ती म्हणायची. बाबांना या घड्याळाचा पत्ता नव्हता, असं आम्ही धरून चाललो होतो.

ताई बाबांची लाडकी, आणि हट्टीपणात त्यांच्यापेक्षा काकणभर सरस. ती त्यांच्याच वेधशाळेत लागली तेव्हा बाबा आठवडाभर शिट्टी वाजवत फिरत होते. मग तिने एका माळ्याशी सूत जुळवलं, नोकरी सोडली आणि त्याच्याबरोबर समुद्रापलीकडे निघाली. माळ्याच्या हातात घड्याळ नसायचं. बाबांनी त्याच्यात हा एकच दोष काढला, पण तो असा काढला की त्यापुढे खून परवडला.

"ज्याच्या मनगटावर घड्याळ नाही, त्याच्या हातात मुलीचा हात देऊ?"

ताई दारातून वळून म्हणाली, "तुमच्या घड्याळात आमच्यापैकी कुणाची वेळ आहे, बाबा?"

त्यानंतर दोन वर्षं दोघांनी एकमेकांशी अबोला धरला. मधे मी होते, म्हणजे दोन्हीकडच्या लाथा खायला.

मग एक दिवस बाबांच्या फोनवर तिचा निरोप आला. शनिवारी बारा वाजता नोंदणी कचेरीत लग्न आहे, सोबतच्या लिंकवर दिसेल, यायचं तर या, मी परत विचारणार नाही.

बाबांनी तो खिडकीशी नेऊन वाचला, मग चष्मा पुसून वाचला. मी विचारलं, "कुठले बारा?" आणि बोलणी खायला तयार राहिले. या घरात असला प्रश्न विचारणाऱ्याची अक्कल काढली जायची.

"तिच्या गावचे," बाबा म्हणाले.

"तुम्ही? दुसऱ्या गावची वेळ धरताय?"

"तिचं लग्न आहे, वेळही तिचीच धरायला नको? तिचं गाव जागतिक वेळेच्या तीन तास मागे. म्हणजे तिच्या बारात तीन मिळव, मग आपले चार. संध्याकाळी सात." घसा खाकरून ते पुढे म्हणाले, "आणि तिला आधी काही बोलायचं नाही. मी दिसलो की तिचं तोंड कसं होतं ते बघायचंय मला."

मला इतका आनंद झाला की मी त्यांना टोमणाही मारला नाही.

शनिवारी बाबांनी आईकडून एकच शर्ट दोनदा इस्त्री करून घेतला. दुपारी ते येरझाऱ्या घालून डोकं उठवायला लागले तेव्हा आईने त्यांना न्हाव्याकडे पिटाळलं. मधूनच परत फिरतील म्हणून मला बरोबर धाडलं. चारच्या सुमाराला बाबा खुर्चीत बसले. "मिशीला डावीकडून जरा जास्त कातर," त्यांनी न्हाव्याला सांगितलं, "कॅमेऱ्यात ती बाजू येते."

"काय फुगेवाले, कुणाचं लग्न?"

"माझ्या मुलीचं," बाबा म्हणाले. दोन वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले, तेही साबण लावलेल्या तोंडातून.

सातला आम्ही तिघं संगणकासमोर बसलो, बाबा मधे, छाती काढून. मी लिंक उघडली. पडद्यावर आलं : ही बैठक संपली आहे.

"लवकर आलो असू," बाबा म्हणाले.

लवकर आलेल्यांना असं सांगत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. शेवटी आई म्हणाली, "अगं, तिला फोन लाव आता."

ताई दिसली. केसांत फूल, डोळे सुजलेले. "काय आहे?" ती मला म्हणाली. मी फोन बाबांकडे वळवला.

"आत्ता आलात?" तिचा आवाज चिरकला. "सगळं झाल्यावर?"

"मी वेळेवर आलोय. तुझे बारा."

"माझे कुठले? मी तुमचे बारा लिहिले होते! मुद्दाम सकाळी नऊची वेळ मागून घेतली, तुमचं घड्याळ नीट बारा दाखवावं म्हणून. म्हटलं, एकदा तरी तुमच्या वेळेत बोलावं. आणि तुम्ही? जन्मात कधी दुसरी वेळ धरलीत?"

"मग प्रमाण का लिहिलं नाहीस? आकड्यापुढे कुठली वेळ ते लिहायचं, पहिल्या दिवशी शिकवलं होतं!"

"तुम्हाला लिहितानाही लिहायचं?"

"सगळ्यांना लिहितानाच लिहायचं!"

दोन वर्षांचं साचलेलं भांडण दोघं असं काही भांडले की आई निवांतपणे खुर्चीत टेकली. मग पडद्यात एक दाढी घुसली.

"आम्ही थांबलो होतो," जावई म्हणाला. "मागची दोन जोडपी पुढे सोडली. कचेरीतले साहेब सारखं घड्याळ दाखवत होते. मी म्हटलं, मला घड्याळातलं कळत नाही."

बाबांनी त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. "बरं केलंत," ते म्हणाले. 'अहो'मध्ये बोलले, हे आईनेही टिपलं.

मी मनात हिशोब केला आणि तो तोंडातून निसटला. "नऊ म्हणजे इथले चार. तेव्हा बाबा न्हाव्याकडे होते."

"न्हाव्याकडे कशाला?" ताईने विचारलं.

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "तुझ्या लग्नाला जायचं होतं."

ताई रडायला लागली. जावई गडबडून म्हणाला, "आपण परत करू! अंगठ्या आहेतच इथे."

"नको," बाबा म्हणाले. "चुकलेलं निरीक्षण मागाहून भरायचं नसतं. जागा कोरी सोडायची आणि पुढचं घ्यायचं. उद्या भेटू. बारा वाजता."

"कुठले बारा?" मी विचारलं.

"तिचे," बाबा म्हणाले.

"तुमचे," ताई त्याच क्षणी म्हणाली.

आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या डब्यामागचं घड्याळ आणून तिने फोनसमोर धरलं. इतक्या वर्षांची चोरी, सरळ मुद्देमालासकट. "हे बघा. उद्या यात चार वाजले की बोलायचं. दोघांनी आपापलं मोजा."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, काचेवरचं पीठ पुसलं आणि न बघताच मागची चावी चार वेळा फिरवली.

"तुम्हाला माहीत होतं?" आई म्हणाली.

"मग याला रोज चावी कोण देतं असं वाटत होतं तुला?"