तीन दशांशांची चूक

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. पोलादाचा, वीतभर लांबीचा. माझ्या दोन जबड्यांत वस्तू धरायची आणि माझ्या अंगावरच्या रेघा वाचून तिची जाडी सांगायची, एवढंच माझं काम. पण आज मी कर्तबगारी सांगायला बसलेलो नाही. जे सांगणार आहे, त्याने माझी मान अजून खाली जाते.

माझे पहिले मालक कारखान्यात लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवायचे. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. ही लेक लहानपणी दिसेल ते मोजत सुटायची. आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं, दाराची कडी, खायला दिलेलं बिस्किटसुद्धा! घरात तिचं नावच ‘मोजपट्टी’ पडलं. ती इंजिनिअरिंगला गेली तेव्हा बाबांनी मला तिच्या हाती सोपवलं. कॉलेजात आणि पुढे पंपांच्या कारखान्यात मी सतत तिच्या खिशात असायचो. रोज कामाला लागण्याआधी ती माझे जबडे मिटून, रेघ बरोबर शून्यावर येते ना, हे पाहायची.

मग ती आजारी पडली आणि दोन महिन्यांत गेली.

वर्षभर घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. शेवटी आईच म्हणाली, “तिच्या नावाने कुणाला तरी शिकवू या.” बाबांनी, आईने आणि तिच्या भावाने मिळून शिष्यवृत्ती सुरू केली. दर वर्षी एका गरजू विद्यार्थ्याचं इंजिनिअरिंगचं सगळं शिक्षण. मुलाखती घरच्याच पुढच्या खोलीत व्हायच्या. बाबांनी स्वतः लेथवर बरोबर वीस मिलिमीटर जाडीची एक पिन, म्हणजे छोटा गोल दांडा, घडवली होती. मुलांनी ती माझ्यात धरून माप लिहायचं, ही शेवटची परीक्षा. “आमच्या लेकीचा कॅलिपर,” असं बाबा अभिमानाने सांगायचे आणि मी छाती फुगवायचो.

पाचव्या वर्षी मुलाखतींच्या आदल्या दिवशी सकाळी मला पुसताना मी बाबांच्या हातून निसटलो. थेट फरशीवर आपटलो. माझा एक जबडा किंचित आत वाकला.

आई म्हणाली, “अहो, एकदा तपासून तरी बघा.”

“तिचा आहे तो. त्याला काय धाड भरलीय?” बाबांनी मला फडक्याने पुसलं आणि डबीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दोन मुलं आली. पहिल्याने माझ्या रेघा पाहिल्या, “वीस आणि थोडं जास्त” असं पुटपुटला, मग बाबांच्या कपाळावरची आठी पाहून म्हणाला, “वीसच असेल, काका.” त्याच्यानंतर एक मुलगी आली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच कॅलिपर हातात घेतला होता. बाबांनी तिला रेघा कशा वाचायच्या ते दाखवलं. तिने तीनदा मोजलं आणि लिहिलं, वीस पूर्णांक तीन दशांश.

“पुन्हा बघ, बाळ.”

“बघितलं, काका. मला एवढंच दिसतंय.”

“हट्टी आहे,” ती गेल्यावर बाबा म्हणाले. “साध्या रेघा वाचता येत नाहीत.” शिष्यवृत्ती त्या मुलाला मिळाली. खोटं मी बोललो होतो आणि दोष तिच्या माथी गेला. मला वाचा असती तर ओरडलो असतो.

पुढच्या वर्षी चष्मा लावलेली एक मुलगी आली. तिने आधी माझे जबडे मिटले. “काका, याचं शून्यच जुळत नाहीये. हा तीन दशांश जास्त दाखवतोय.”

बाबांनी मला हातात घेतलं, उजेडात धरलं आणि जबडे स्वतः मिटून पाहिले. त्यांनी गेल्या वर्षीच्या त्या मुलीचा कागद काढला. खुर्चीत बसून ते तो आकडा पुन्हा पुन्हा वाचू लागले.

“कागदाकडे बघून काय होणार?” आई म्हणाली. “पत्ता आहे ना त्यावर? उठा.”

मला घेऊन दोघं पत्ता शोधत गेले. गेल्या वर्षीची ती मुलगी एका दुरुस्तीच्या दुकानात विजेच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळत होती. बाबांनी मला तिच्यासमोर ठेवलं आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. कुठेही सारवासारव केली नाही.

“म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?” तिने विचारलं.

“अगदी बरोबर.”

तिने हातातली तार खाली ठेवली. “मला वाटलं, हे आपल्याला जमणारच नाही. म्हणून मी पुढे कुठे अर्जच केला नाही.”

बाबांना तिच्याकडे बघवेना. आई म्हणाली, “ही चूक एका मुलीने पकडली. या वर्षी शिष्यवृत्ती तुम्हा दोघींना देऊ. तू येशील?”

“येईन, काकू. पण पिन पुन्हा मोजेन. दुसऱ्या कॅलिपरने.”

तिने मोजली. वीस. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे.

मित्रांनो, मला मायेने पुसलं, जपलं, मिरवलं. फक्त तपासलं नाही. तुमच्या हातात जे कुठलं माप असेल, ते दुसऱ्याला लावण्याआधी एकदा तपासून घ्या. ज्याच्यावर जीव आहे, ते तर दोनदा तपासा. मी अजूनही मुलाखतीच्या टेबलावर असतो, पण आता मला कुणी वापरत नाही. माझ्याखाली बाबांच्या अक्षरात एक चिठ्ठी आहे: ‘हा चुकला होता. मीही.’