सातवी शेलपेक

शुक्रवारी दुपारी शेजारची झिबाश ताट घेऊन दारात उभी. ताटात गरम तळलेल्या शेलपेक, पुरीसारख्या पातळ पोळ्या. मोजून सात.

"बेकझातसाठी तळल्या गं," डोळे पुसत ती म्हणाली. "वास पोचेल त्याला."

रौशनच्या डोक्यात तिडीकच गेली. नवरा बेकझात ट्रक घेऊन शहरात गेला, तिथे गोळीबार सुरू झाला, आज सहा दिवस फोन बंद. एवढंच तर माहीत होतं. आणि ही बया मेलेल्यांचं तळण घेऊन आली!

"मेलाय तो? तू बघितलंस?"

"अगं, मी आपलं..."

"उचल ते ताट. तुझ्या नवऱ्याच्या नावाने वाट, जा!"

दार आपटलं. आत सासू, कुलपाश, जपमाळ ओढत बसलेली. सहा दिवस तेच. पडदे बंद, चूल गार.

"शुक्रवार आहे. पितरांसाठी तळायला हवं," सासू पुटपुटली. "पण भीती वाटते गं. तळलं आणि तो खरंच तिकडे असला तर..."

"तळणार. त्याच्यासाठी नाही."

रौशनने कढई चढवली. पीठ मळून सात शेलपेक लाटल्या. पहिली शेलपेक तेलात सोडली आणि ती ओरडलीच, "कोजाबाय!"

सासूची माळ थांबली. सासरच्या वाडवडिलांचं नाव, सुनेच्या तोंडात?

बर्फात ट्रक घसरला की बेकझात सात पिढ्यांची नावं घ्यायचा. ऐकून ऐकून रौशनला पाठ होती. उच्चारली मात्र आजच.

"मामिर! इतकी वर्षं फुकट वास घेतलात ना? शोमान! तुमचंच पोर आहे ते. तुमच्या दारात आलं तर हाकला. घरी पाठवा!"

सहा झाल्या. सातवीला मात्र ती अडली. हे नाव वारलेल्या सासऱ्यांचं. आणि त्यांची बायको मागेच बसलेली.

गुडघे धरत कुलपाश उठली. चाळीस वर्षांच्या संसारात ती 'अहो'च्या पुढे गेली नव्हती. तिने सुनेच्या हातातली शेलपेक घेतली आणि तेलात सोडली.

"सेयतकाझी," ती हळूच म्हणाली. मग आवाज चढला. "ए सेयतकाझी! ऐकू येतंय का? माझं पोरगं परत पाठव!"

दोघींनी दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले. कुलपाशने फर्रकन पडदा सारला.

"पहिली झिबाशला नेऊन दे. सांग तिला, जिवंत माणसाच्या घरची आहे."