गोऱ्हा ठेवायचा

मालकीणबाईंनी गोऱ्ह्याचे मागचे पाय दाबून पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि त्याच्या आईच्या कासेकडे पुन्हा एकदा नजर टाकली. त्यांच्या गोठ्यात जन्मलेला नर कधी टिकला नव्हता. दुधाला शून्य आणि चाऱ्याला पुढे, असं म्हणत त्या प्रत्येकाला व्यापाऱ्याच्या गाडीत चढवत. पण ही गाय सगळ्यांत दुधाळ होती आणि जुना वळू आता थकला होता.

"ठेवा याला," गुरांचा डॉक्टर म्हणाला. "आई चांगली, पाय सरळ, स्वभाव गरीब. आता काय सोन्याची शिंगं हवीत?"

"आणि याची जुळी बहीण?"

कालवड कोपऱ्यात बसून होती. डॉक्टरनं तिला आधीच तपासलं होतं.

"ती जाऊ द्या. नराबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वांझच निघते. हिची तर खात्री झाली."

बाईंनी दाराकडे पाहिलं. दारात सून चाऱ्याची पाटी घेऊन उभी होती. तीही भावाबरोबरची जुळी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दुपारी तोच भाऊ तिला माहेरी न्यायला येणार होता, चार दिवसांसाठी. मुलासाठी दुसरी मुलगी पाहून ठेवल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण या उन्हाळ्यात तिनं बॅगेत स्वेटर भरला होता, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"माणसांतही तसंच असणार," बाई दाराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

"छे हो! माणसांत तसलं काही नसतं. माझी बायकोच भावाबरोबरची जुळी. आमच्या तीन पोरांनी घर डोक्यावर घेतलंय." डॉक्टर हसला. "आणि हो, हा वयात आला की तपासून घ्या. दिसायला धिप्पाड म्हणजे कामाचा, असं नसतं. एका गोठ्यात गाई गाभणच राहिनात. मालकानं चांगल्या गाई विकून टाकल्या. खोट होती वळूत."

तो हात धुवायला नळाकडे गेला. गोऱ्ह्याला धरून बसलेला बाईंचा मुलगा दाव्याची बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला.

"तू मागे दवाखान्यात तपासून आलास ना रे?" बाईंनी हळू विचारलं. "एकटाच गेला होतास."

"आलो की."

"काय म्हणाले?"

"सांगितलं होतं ना तेव्हा. सगळं ठीक आहे." तो गाठीशी बोलत होता.

लहानपणी साय चोरली की तो असाच मान खाली घालायचा. बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून नवऱ्याकडे बघतच नव्हती. तिथं नवं असं तिला काहीच दिसायचं नव्हतं.

बाहेर व्यापाऱ्याच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"मग काय ठरलं?" डॉक्टर हात पुसत आला.

"गोऱ्हा ठेवायचा."

"तपासणी विसरू नका."

"बघू पुढे. घरचाच आहे."

सुनेनं पाटी खाली ठेवली. कोपऱ्यात जाऊन कालवडीचं दावं सोडलं. "ऊठ बाई," म्हणत तिला उठवलं, आणि कुणी सांगायची वाट न बघता गाडीकडे घेऊन गेली.

मुलाच्या हातातली गाठ अजून बसत नव्हती. बाईंनी त्याचे हात बाजूला सारले आणि ती स्वतः आवळून घट्ट बांधली.