तळघराचं आमंत्रण

त्रोफिमभाऊ भर सुगीत कुऱ्हाडीला धार लावायला बसले, तेव्हाच मी हातातलं काम टाकून कुंपणाशी आले. मी त्यांची शेजारीण. कुंपणापलीकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं.

"लाकडं फोडताय का?"

"वेल तोडतोय. उद्या सकाळी."

अंगणभर पसरलेला तो द्राक्षाचा वेल त्यांच्या बायकोनं, सावेतानं, लग्नाच्या वर्षी लावलेला. सावेता देवाघरी गेली, पोरगी इटलीत परक्यांची म्हातारी माणसं सांभाळायला गेली, भाऊंना राहिला तो वेल.

"डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आपला देश युरोपीय संघात गेला की युरोपवाले येणार आहेत. ज्याच्या अंगणात वेल, त्याचं घर जप्त. लीनानं सांगितलं."

लीना म्हणजे फोनवरची कुणी मुलगी. नंबर आमच्या मोल्दोवाचा नव्हताच, कुठल्या देशाचा देव जाणे. मी भडकलेच. "अहो, सगळं झूठ आहे ते! सरकारनं कालच सांगितलं टीव्हीवर."

"सरकारनं!" भाऊ हसले. "पंच्याऐंशी सालीही, सोव्हिएत राज्यात, साहेब म्हणाले होते, काळजी नको. मग वरून दारूबंदीचा हुकूम आला आणि सामूहिक शेतातले वेल उपटायला ट्रॅक्टर कुणाला चालवायला लावला? मला. आता परक्यांच्या हातून नको. माझा मीच तोडतो."

तो ट्रॅक्टर मी पाहिला होता, आणि त्यानंतर आठवडाभर न जेवलेले भाऊही. थाप खोटी होती, पण भीती खरी होती.

"आणि ही लीना एवढी कोण लागून गेली?"

"रोज सकाळी विचारते, 'आजोबा, गुडघा कसा आहे?' तू विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं कधी. पण हार मानेन तर मी अगाफिया कसली!

"एवढी मायेची आहे, तर बोलवा की तिला तळघरात, नवी वाइन चाखायला."

आमच्याकडे तळघराचं आमंत्रण म्हणजे खेळ नव्हे. माणूस एक तर येतो, नाही तर हात जोडून अडचण सांगतो. उत्तरच न देणं म्हणजे दारात थुंकणं. गल्लीच्या टोकाच्या ग्रिगोरेचं आणि भाऊंचं बांधावरून हाडवैर, पण बोलावल्यावर तोही आला होता. उभ्याउभ्या पेला रिकामा करून गेला.

भाऊंना कल्पना आवडली. फोनवरच बोलायचं, तरी त्यांनी चक्क केस विंचरले. "लीना बाळा, माझ्या तळघरात ये. लाल आवडते की पांढरी?"

लगेच मधाळ आवाज आला. "आजोबा, गुडघा कसा आहे? ही बातमी दहा शेजाऱ्यांना पाठवा."

भाऊंनी घसा खाकरला. "पाठवतो गं. पण येतेस का? जमत नसेल तर तसं सांग, मला राग नाही."

"आजोबा, गुडघा कसा आहे? ही बातमी दहा शेजाऱ्यांना पाठवा."

"सावेताच्या हातचा वेल आहे, बाळा," भाऊ हळूच म्हणाले.

पुन्हा तेच, त्याच लाडिक सुरात. भाऊंनी फोन पालथ्या पिंपावर ठेवला.

"हे माणूसच नाही गं, अगाफिया. म्हणजे माझा गुडघा कुणी विचारतच नव्हतं."

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रडूच आलं. निघताना मी भाऊंची कुऱ्हाड मात्र माझ्या घरी घेऊन गेले. दुःख आपल्या जागी, सावधगिरी आपल्या जागी.

सकाळी गाईची धार काढायच्या आधी मी कुंपणाशी उभी राहिले. "भाऊ, गुडघा कसा आहे?"

त्यांनी डोळे बारीक केले. "दहा जणांना काय पाठवायचंय?"

"काही नाही. वाइन प्यायला आलेय."

"लाल की पांढरी?"

"लाल."

वेलाखालून वाकत ते तळघराकडे निघाले. गुडघ्याची कहाणी सुरू झाली ती पायऱ्या संपल्या तरी संपेना. मी पेले पुसत होते, तेवढ्यात ते मध्येच थांबले.

"जरा ग्रिगोरेला हाक मार."

"ग्रिगोरेला? तुम्ही?"

"त्यालाही ती लीना रोज गुडघा विचारते म्हणे. दुखते तर त्याची पाठ."