शून्यावर आलेली रेघ

बाईंचा आज नोकरीतला शेवटचा दिवस होता आणि बाई झोपल्या होत्या. निरोपसमारंभ माणसाला मेटाकुटीला आणतो. जो उठतो तो त्याच चार गोष्टी सांगतो. पुष्पगुच्छ सिंकमध्ये टाकून त्या प्रयोगशाळेतल्या खुर्चीत बसल्या, तोच मान कलली.

दमले तर मीही होते. समोर, हवा काढून घेतलेल्या डब्यात, काचेचा एक कण लेसरच्या झोतात अधांतरी तरंगत होता, धुळीपेक्षाही बारीक. प्रकाशाला पीळ दिला की तो गरगर फिरतो. पीळ काढला तरी फिरतच राहतो, कारण अडवायला आत हवाच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातला प्रकार. उलटा पीळ दिला तर वेग उतरतो, पण जरा चुकलं की कण निसटतो. फिरता कण थांबलेला पाहायचा, एवढंच बाईंचं राहिलं होतं.

मी पीळ देणारी चकती हळूच उलटी वळवली. पडद्यावरची वेगाची रेघ खाली सरकायला लागली. बाईंना उठवायला हवं होतं. पण कणाचा वेग बदलत असताना जागचं हलायचं नाही, ब्र काढायचा नाही, हा नियम बाईंचाच. मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले, आणि त्या नादात रेघ शून्यावर आली तेव्हा चकती सरळ करून पीळ काढायचं राहून गेलं. रेघ पुन्हा वर चढली.

बाई जाग्या झाल्या. "रेघ होती तिथंच आहे की."

"थांबला होता, बाई. आता उलटा फिरतोय."

पण पडद्यावर वेग दिसतो, दिशा दिसत नाही. माझा मलाच संताप आला.

"कर पुन्हा."

"आणि निसटला तर?"

"निसटू दे. 'थांबला होता, बाई' हे किती पोरांकडून ऐकलंय मी. मेला मी चहाला गेल्यावरच थांबतो."

पुन्हा चकती वळवली. रेघ उतरत गेली. बाईंची पापणी लवली नाही. शून्य. या वेळी मी चकती सरळ केली. कॅमेऱ्यात कणाचा ठिपका जागेवर होता. मला रडूच आलं.

"आता उलटा फिरवू?"

"नको गं. दमला असेल. राहू दे जरा."

आणि त्या पुन्हा खुर्चीत मान टेकून बसल्या, या वेळी डोळे उघडे ठेवून.