लाल कडेवाली

"मामा, आधी ते पाखरू खांद्यावरून उतरवा," बाई म्हणाल्या. "तिच्यासमोर बोलायला नको."

रानातल्या त्या केंद्रावर पाखरांची अक्कल मोजत. खोक्यात अळ्या, वर लाकडी झाकण. ते उघडायला कोण किती लवकर शिकतं, हे बाई बघत. मामा तिथले शिपाई. खोकी मांडायची आणि झाडावर चढून पिल्लांच्या पायांत रंगीत कडी घालायची, हे त्यांचं काम. खांद्यावरच्या या लाल कडेवालीची आई म्हणजे नुसता अर्क! खोटं वाटेल, पण ती बाईंच्या आधी कामावर हजर व्हायची, आणि झाकण उडवून मामांकडे अशी बघायची, की साहेब कोण नि शिपाई कोण हेच कळू नये. एका वादळात आई गेली, थवा पांगला. मागे उरली ही पोर. मामी गेल्यापासून मामांच्या खोलीत दुसरा आवाज तो हिचाच.

पण पोर झाकणावर नुसती बसून राही. मामा येत, उघडत, ती खाई.

"आईचं रक्त आहे. शिकेल आज ना उद्या."

"रक्तानं थोडंसंच मिळतं, मामा. बाकीचं चारचौघांत राहून येतं. तळ्याकडचा थवा मोठा आहे. आत्ता लहान आहे तोवर घेतील तिला."

"मी आहे की!"

"तुम्ही एक झालात. बाकीचे तीन कुठून आणू?"

मामा हसले. मग हळूच म्हणाले, "आणि नाहीच नेली तर?"

"तुम्ही अंथरूण धराल त्या दिवशी ती उपाशी."

दुसऱ्या सकाळी मामांनी स्वतःच तिला तळ्याकडे नेऊन फांदीवर बसवलं.

महिन्याभरानं तिथं खोकं मांडलं. लाल कडेवाली आली, चोचीच्या एका झटक्यात झाकण बाजूला!

"मामा, उघडलं हो!" बाई ओरडल्या.

मामांना कुठला धीर! जीभ टाळ्याला लावून ते "टुक टुक" करत पुढे धावले. पण घरट्यांत हात घालणारा माणूस तो हाच, हे त्या थव्यात पोराटोरांनाही शिकवलेलं. कल्ला झाला. सगळा थवा अंगावर आला, आणि सगळ्यांच्या पुढे लाल कडेवाली.

"अगंबाई, रक्त येतंय! तिनंच मारलं ना?"

"तिनंच," कपाळ पुसत मामा म्हणाले. "शिकली हो पोर."

थवा अजून ओरडतच होता. तिला उगाच आणखी ओरडावं लागू नये, म्हणून मामा तळ्याला लांबचा वळसा घालून परत निघाले.