सगळेच आनंदी

दोन हजार बावीस सालची गोष्ट. महामारीत बंद पडलेली शाळा पुन्हा सुरळीत झाली होती, म्हणजे घंटा वेळेवर वाजत होती. बाकी सगळा आनंदीआनंद.

पाचवीच्या वर्गबाईंची एकतीस वर्षं नोकरी झाली होती. पूर्वी पोराचं तोंड बघून त्यांना कळायचं, घरात भांडण झालंय की पोट दुखतंय. आता अडतीस पोरं समोर बसायची आणि एकाचाही थांग लागायचा नाही. वर्गाची पायरी चढायची त्यांनाच धास्ती वाटायची. सांगणार कुणाला? स्टाफरूममध्ये ज्याची त्याची तीच रड.

तिसऱ्या बाकावर चिमणी बसायची. घरभर किलबिलाट करायची म्हणून आजोबांनी ते नाव ठेवलेलं. साथीत आजोबा गेले आणि पोरीची वाचाच बसली. दर बुधवारी मुलांशी बोलायला एक समुपदेशक येत, पोरं त्यांना मनबाई म्हणत. त्या चिमणीसोबत नऊ बुधवार नुसते मणी ओवत बसल्या. दहाव्या बुधवारी पोर म्हणाली, "आधी मीच खोकले होते."

त्याच आठवड्यात, दुष्काळात तेरावा महिना तसा, वरून तक्ता आला. प्रत्येक मुलाची आणि शिक्षकाची मनःस्थिती भरून द्यायची, दुसऱ्या दिवशी दहाच्या आत. या शाळेत तक्ते भरायची एक जुनी रीत होती. पहिली ओळ नीट लिहायची, खाली सगळीकडे 'वरीलप्रमाणे'. वजनं, चष्म्याचे नंबर, सगळं तसंच जायचं. वर्गबाईंच्या हजेरीत पहिला होता पडला तरी हसणारा एक गोट्या. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं, 'आनंदी, मदतीची गरज नाही', आणि बाकी सदतीस उरकले. शिक्षकांच्या तक्त्यात हेडसरांच्या नावाखाली स्वतःचंही तेच.

तीन आठवड्यांत पत्र आलं. शाळा उत्तम सावरली आहे, अभिनंदन. समुपदेशकांना गरजू शाळेत पाठवत आहोत.

पुढच्या गुरुवारी चिमणीची आत्या दारात उभी.

"बाई, काल पोरगी शाळा सुटली तरी पायरीवरच बसून होती. घरी येऊन पाटीवर लिहिलं, मी बोलले म्हणून मनबाई गेल्या."

बाई तडक हेडसरांकडे गेल्या.

"सर, तक्ते खोटे होते. परत भरून पाठवू."

"हात दाखवून अवलक्षण! खुलासा मागतील, बाई. देणार कोण, तुम्ही?"

"मी देते."

"आणि माझं? माझ्या नावापुढेही आनंदी लिहिलंय."

"आहात का?"

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "गोळी घेतल्याशिवाय डोळा लागत नाही माझा," ते हळूच म्हणाले. "पण मी सही करणार नाही. दोन वर्षं राहिलीत माझी."

बाईंनी आपल्या एकटीच्या सहीनं तक्ता पाठवला. अडतीस नावांपुढे अडतीस वेगळ्या ओळी, एकोणचाळिसावी स्वतःची. उत्तर आलं, 'माहिती मुदतीनंतर मिळाली. पुढील वर्षी विचार होईल.' सोबत निष्काळजीपणाबद्दल ताकीद. बाईंनी कागद टेबलावर आपटला, पण कागदाला काय लागतंय?

मधल्या सुट्टीत त्या चिमणीच्या बाकावर जाऊन बसल्या.

"तुझ्या बोलण्यानं नाही गेल्या त्या. मी कागदावर खोटं लिहिलं म्हणून गेल्या. चूक माझी."

पोरीनं मान वर केली.

"मोठ्यांचं पण चुकतं?"

"चुकतं की. आणि खोकला कुणाचाच दोष नसतो, चिमणे."

दुसऱ्या दिवशी हजेरीला, नेहमीसारखा नुसता हात वर न करता, ती "आले" म्हणाली.

हेडसर दोन वर्षांनी सन्मानपत्र घेऊन निवृत्त झाले. मनबाईंचा करार पुढच्याच वर्षी संपला. नवीन कुणी आलंच नाही. गोट्याच्या हसण्याआड काय होतं हे त्याच्या आईला तो सातवीत गेल्यावर कळलं, तेव्हा उशीर झाला होता, शाळेवरचं त्याचं मनच उडालं होतं. तो शाळा सोडून मामाकडे गेला. वर्गबाईंनी मुदतीआधीच नोकरी सोडली. आता चिमणी नववीत आहे. फार बोलत नाही, पण आजोबांविषयी विचारलं तर सांगते.